राजाभोवतीचे थॉमस

इंग्लंडच्या जुन्या राजदरबारात लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे राजाखालोखालचा माणूस. राजमुद्रा त्याच्या ताब्यात, मोठ्या न्यायालयाची सूत्रं त्याच्या हाती. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५१५ च्या अखेरीपासून १५४७ पर्यंत, या पदावर एकामागून एक चार जण आले : थॉमस वुल्झी, थॉमस मोर, थॉमस ऑडली आणि थॉमस रायथस्ली. तीन दशकांहून अधिक काळ त्या खुर्चीत दुसऱ्या नावाचा माणूस बसलाच नाही.

दरबारात इतरत्र नजर टाकली तरी तेच. इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून तोडून राजाच्या हाती देणारा मंत्री थॉमस क्रॉमवेल. राजाचं पहिलं लग्न रद्दबातल ठरवणारा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर. दुसरी राणी ॲन बोलीन हिचे वडील थॉमस बोलीन, मामा थॉमस हॉवर्ड, आणि तिच्या प्रेमात असल्याची ज्याच्याबद्दल कुजबुज होती तो कवी थॉमस वायट. तिसऱ्या राणीचा भाऊ थॉमस सीमोर. हिलरी मँटेल यांच्या ‘वुल्फ हॉल’ या कादंबरीच्या सुरुवातीला पात्रांची लांबलचक यादी दिलेली आहे, आणि वाचकाला पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळावं लागतं. त्यात वाचकाचा दोष नाही. इतिहासानंच ती गर्दी करून ठेवली आहे.

ही गर्दी योगायोगानं झाली नव्हती. तिच्या मुळाशी बाराव्या शतकातला एक खून आहे.

त्याआधी नावांबद्दल थोडं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दोन-तीन पिढ्यांत तिथली जुनी नावं मागे पडली. एथेलरेड, गॉडविन, लिओफ्रिक अशी नावं ठेवणारे आईबाप आता मुलांना विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री म्हणू लागले. नावांचा साठा एकदम आटला. नॉर्मंडीत बायोजवळ ११७२ च्या सुमारास नाताळात भरलेल्या एका दरबाराची गोष्ट त्या काळच्या बखरकारानं लिहून ठेवली आहे. दोन विल्यमांनी एका दालनात फक्त विल्यम नावाच्याच सरदारांना बसू द्यायचं ठरवलं. बाकीच्यांना बाहेर काढल्यावरही आत शंभराहून अधिक विल्यम जेवायला उरले.

नाव ठेवण्याची रीतही या टंचाईला हातभार लावणारी होती. बाळाचं नाव आईबाप ठरवतीलच असं नसे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे दोन धर्मपिता आणि एक धर्ममाता असत, आणि मुख्य धर्मपित्यानं आपलंच नाव बाळाला देणं हे मानाचं समजलं जाई. त्यामुळे एकाच घरात एकाच नावाचे दोन सख्खे किंवा सावत्र भाऊ हयात असणं यात कुणाला वावगं वाटत नसे. चौदाव्या शतकापर्यंत जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड, रॉबर्ट एवढ्या पाच नावांत इंग्लंडमधले निम्म्याहून अधिक पुरुष सामावत होते.

या पाचांत थॉमस आला कसा, हे पाहण्यासारखं आहे. नॉर्मन येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये ते नाव बहुधा धर्मगुरूंपुरतंच होतं. त्याला घराघरांत नेलं ते थॉमस बेकेटनं. बेकेट लंडनच्या चीपसाइड भागातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म ११२० च्या आसपासचा, २१ डिसेंबरचा. तो येशूचा शिष्य संत थॉमस याच्या सणाचा दिवस, म्हणून नाव थॉमस. दुसऱ्या हेन्रीचा तो आधी चॅन्सेलर आणि जिवाभावाचा सोबती होता. ११६२ मध्ये राजानं त्याला कँटरबरीचा आर्चबिशप केलं, कारण चर्च आपल्या मुठीत येईल असा त्याचा हिशेब होता. झालं उलटंच. गुन्हा केलेल्या धर्मगुरूंचा न्याय राजाच्या न्यायालयानं करायचा की चर्चच्या, या प्रश्नावर बेकेट राजासमोर ताठ उभा राहिला. सहा वर्षं फ्रान्समध्ये परागंदा राहून तो परतला आणि महिन्याभरातच, २९ डिसेंबर ११७० रोजी संध्याकाळी, राजाच्या चार सरदारांनी त्याला कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये तलवारीनं मारलं.

आर्चबिशपला त्याच्याच चर्चमध्ये ठार करणं या गोष्टीनं सारा युरोप हादरला. तीन वर्षांच्या आत, ११७३ मध्ये, पोपनं त्याला संत म्हणून घोषित केलं. ११७४ च्या जुलैमध्ये दुसरा हेन्री स्वतः कँटरबरीला आला. शहराच्या वेशीबाहेरच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये त्यानं राजवस्त्रं उतरवली, तिथून अनवाणी कॅथीड्रलपर्यंत चालत गेला आणि बेकेटच्या थडग्याशी मठवासीयांकडून पाठीवर फटके मारून घेतले. सेंट डन्स्टनचं नाव लक्षात ठेवायला हवं. या कथेत ते पुन्हा येतं, आणि मला तरी ते येणं फार हलवून टाकणारं वाटतं.

कँटरबरीच्या भिक्षूंनी बेकेटच्या नावावरचे सातशेहून अधिक चमत्कार लिहून काढले. यात्रेकरू शिशाच्या लहान कुप्यांत तिथलं पवित्र पाणी भरून घरी नेत. १२२० मध्ये, ७ जुलैला, त्याच्या अस्थी कॅथीड्रलमधल्या नव्या रत्नजडित समाधीत हलवल्या गेल्या आणि तो दिवसही सण झाला. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू निघालेले असतात ते याच समाधीकडे. ज्या संताकडे नवस बोलायचा त्याचं नाव मुलाला ठेवायचं, हे त्या काळच्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. प्रत्येक थॉमसच्या मागे बेकेटच होता असं म्हणता येणार नाही. येशूचा शिष्य थॉमसही होताच. पण इंग्लंडच्या मातीत हे नाव इतकं रुजलं ते इंग्लंडच्या स्वतःच्या संतामुळे.

आता सोळाव्या शतकात परत येऊ. थॉमस मोरचा जन्म १४७८ चा, लंडनच्या मिल्क स्ट्रीटवरचा. हा रस्ता चीपसाइडलाच मिळतो. बेकेटच्या जन्मस्थानापासून तो अगदी हाकेच्या अंतरावर. मोर वकील, विद्वान, १५१६ साली लॅटिनमध्ये ‘युटोपिया’ लिहिणारा, घरात मुलींना मुलांइतकंच ग्रीक-लॅटिन शिकवणारा बाप. १५२९ मध्ये वुल्झी कोसळला. राजाचं पहिलं लग्न मोडण्याची परवानगी पोपकडून मिळवून देणं त्याला जमलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा; इप्सविचच्या खाटकाचा हा मुलगा कार्डिनलपदापर्यंत चढला होता आणि अटकेत लंडनकडे आणला जात असताना वाटेतच वारला. त्याच्या जागी मोर चॅन्सेलर झाला. पण राजा चर्चचा प्रमुख होऊ पाहतोय हे दिसताच १५३२ च्या मेमध्ये त्यानं राजमुद्रा परत केली. दोन वर्षांनी नव्या राणीच्या वंशाला वारस मानण्याची शपथ त्यानं नाकारली आणि तो टॉवर ऑफ लंडनमध्ये बंदिवान झाला.

१ जुलै १५३५ रोजी त्याचा खटला चालला. समोर चॅन्सेलर थॉमस ऑडली. न्यायपीठावर नॉरफोकचा ड्यूक थॉमस हॉवर्ड, राणीचे वडील थॉमस बोलीन आणि थॉमस क्रॉमवेल. शिक्षा मृत्यूची. ५ जुलैला मोरनं मुलगी मार्गरेट हिला शेवटचं पत्र लिहिलं. लेखणी आणि शाई काढून घेतलेली होती, म्हणून कोळशाच्या तुकड्यानं. त्यात तो म्हणतो की मरण उद्यापेक्षा लांबलं तर मला वाईट वाटेल, कारण उद्या संत थॉमसच्या सणाची पूर्वसंध्या आहे आणि देवाकडे जायला तो दिवस मला फार योग्य वाटतो. ७ जुलैचा बेकेटचा सण त्याच्या मनात होता. ६ जुलैला सकाळी टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला.

हे पत्र माझ्या दृष्टीनं या सगळ्या कथेचं केंद्र आहे. एका हेन्रीनं एका थॉमसला चर्चच्या अधिकाराच्या प्रश्नावर गमावलं होतं. ३६५ वर्षांनी तोच प्रश्न, पुन्हा हेन्री, पुन्हा थॉमस, आणि मरणाऱ्याला त्या साखळीची पूर्ण जाणीव. नाव त्याच्यासाठी नुसती ओळख राहिलं नव्हतं. ते निभावायचं वचन होतं.

लंडन ब्रिजवर खांबाला टोचलेलं बापाचं शिर मार्गरेटनं मिळवलं. तिच्या सासरच्या रोपर घराण्याचं दफनघर कँटरबरीत होतं, त्याच सेंट डन्स्टन चर्चमध्ये, जिथून दुसरा हेन्री अनवाणी निघाला होता. मोरचं शिर तिथे आहे.

राजालाही ही साखळी दिसत होती. १५२० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्ससोबत आठवा हेन्री कँटरबरीला येऊन गेला होता. पण आता बेकेट म्हणजे राजाला न जुमानणाऱ्या प्रजाजनाची देशभर चाललेली पूजा, आणि ती चालू ठेवणं परवडणारं नव्हतं. ती मोडण्याचं काम पडलं थॉमस क्रॉमवेलकडे. पटनीच्या एका भांडकुदळ लोहाराचा हा मुलगा तरुणपणी इटली-नेदरलँड्समध्ये फिरला, वुल्झीच्या पदरी वाढला, आणि त्याच्या पडझडीतून वाचून राजाचा उजवा हात झाला. सप्टेंबर १५३८ मध्ये कँटरबरीची समाधी फोडली गेली. सोनं आणि रत्नं गाड्या भरून राजाच्या खजिन्यात गेली. नोव्हेंबरमध्ये राजाज्ञा निघाली : बेकेट संत नव्हता, यापुढे त्याला संत म्हणायचं नाही, बिशप बेकेट म्हणायचं, त्याच्या मूर्ती आणि चित्रं उतरवायची, त्याचा सण पाळायचा नाही, प्रार्थनेच्या पुस्तकांतून त्याचं नाव खोडायचं.

त्या काळातली प्रार्थनापुस्तकं आज ग्रंथालयांत पाहायला मिळतात. काहींत बेकेटचं पान खरवडून काढलेलं आहे. काहींत मात्र नावावर इतकी बारीक रेघ मारलेली आहे की खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. हुकूम पाळला गेला आणि नावही राहिलं.

लंडनच्या साउथवर्कमधल्या रुग्णालयाचं काय झालं तेही मजेशीर आहे. बेकेटच्या नावानं चालणारं हे सेंट थॉमस रुग्णालय आठव्या हेन्रीनं देशभरातले मठ बंद केले त्यांबरोबर बंद पडलं. सहाव्या एडवर्डच्या काळात ते पुन्हा उघडलं तेव्हा नाव तेच राहिलं, संत बदलला : आता ते येशूचा शिष्य थॉमस याचं. आज थेम्सकाठी पार्लमेंटच्या समोर उभं असलेलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० मध्ये जिथे परिचारिकांची शाळा काढली ते रुग्णालय हेच. आपल्या मुंबईच्या फोर्टमधलं १७१८ मध्ये उघडलेलं सेंट थॉमस चर्च, ज्याच्याकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाज्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, तेही याच शिष्याचं आहे, बेकेटचं नव्हे.

ज्या महिन्यात समाधी फुटली त्याच महिन्यात क्रॉमवेलनं आणखी एक हुकूम काढला होता. प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांची नोंदवही ठेवायची. इंग्रजांच्या नावांचा इतिहास आज मोजून सांगता येतो तो या वह्यांमुळे. आणि त्या वह्या सांगतात की बेकेट खोडल्यानंतरही पिढ्यान् पिढ्या जॉन, विल्यम आणि थॉमस हीच तीन नावं आघाडीवर राहिली. ज्याच्या हातून संत पुसला गेला त्यानंच संताचं नाव टिकल्याचा पुरावा मागे ठेवला. क्रॉमवेलला हे पाहायला मिळालं नाही. १० जून १५४० ला मंत्रिमंडळाच्या बैठकीतच त्याला अटक झाली आणि त्याच्या गळ्यातलं मानचिन्ह ओरबाडून काढायला थॉमस हॉवर्ड पुढे होता. २८ जुलैला क्रॉमवेलचं मस्तक उडवलं गेलं. त्याच दिवशी राजानं हॉवर्डच्याच पुतणीशी, कॅथरीनशी, लग्न केलं.

हान्स होल्बाइननं मोर आणि क्रॉमवेल दोघांचीही चित्रं काढली आहेत. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात ती एकाच भिंतीवर, शेकोटीच्या दोन बाजूंना लावलेली आहेत : मोर दमलेल्या डोळ्यांनी दूर पाहणारा, क्रॉमवेल जाडजूड, ओठ घट्ट मिटलेला. दोघांना एकमेकांसमोर असं बसवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

क्रॅन्मर बेकेटच्याच गादीवर बसला होता. १५३७ मध्ये, समाधी फुटण्याच्या आदल्या वर्षी, बेकेटच्या सणाच्या पूर्वसंध्येचा उपास न पाळता तो आपल्या माणसांबरोबर मांसाहारी जेवला, आणि असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं, अशी नोंद एका भिक्षूनं दुखावून करून ठेवली आहे. इंग्रजीतलं प्रार्थनेचं पुस्तक ही त्याची खरी कमाई. पुढे हेन्रीची मुलगी मेरी राणी झाली, जुना धर्म परत आला, आणि २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याला जाळलं गेलं. जीव वाचवण्यासाठी आधी त्यानं आपली मतं मागे घेतली होती. ज्या उजव्या हातानं त्या माघारीच्या कागदावर सही केली तो हात त्यानं आगीत सर्वांत आधी धरला. मोर एका बाजूनं मेला, क्रॅन्मर दुसऱ्या बाजूनं. दोघांच्याही धैर्यापुढे मी सारख्याच आदरानं थांबतो.

हॉवर्ड घराण्याची गोष्ट वेगळी. तिथे थॉमस हे नाव संतापेक्षा वंशाचं होतं. नॉरफोकच्या दुसऱ्या ड्यूकनं, थॉमस हॉवर्डनं, १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणात स्कॉटलंडच्या राजाचा पराभव केला. त्याला दोन बायकांपासून झालेल्या मुलांत दोन थॉमस होते. धाकटा थॉमस राजाच्या भाचीशी गुपचूप लग्न ठरवल्याबद्दल टॉवरमध्येच वारला. थोरला थॉमस म्हणजे वर आलेला तिसरा ड्यूक. वुल्झी आणि क्रॉमवेल या दोघांना खाली खेचण्यात तो पुढे होता, भाची ॲन बोलीनच्या खटल्यात अध्यक्ष होता, आणि अखेरीस स्वतःही कैदेत पडला. १५४७ च्या जानेवारीत त्याचा कवी मुलगा हेन्री वधस्तंभावर गेला. बापाची पाळी २८ जानेवारीला होती. त्याच दिवशी पहाटे राजाच वारला आणि म्हातारा वाचला. सहा वर्षं टॉवरमध्ये काढून तो मेरीच्या काळात सुटला, आणि लगेच ऐंशीच्या वयात सैन्य घेऊन बंडखोरांवर निघाला. बंडाचा नेता होता थॉमस वायट, त्या कवी थॉमस वायटचा मुलगा. रॉचेस्टरच्या पुलापाशी ड्यूकचे शिपाईच फुटून धाकट्या वायटला जाऊन मिळाले. पुढे वायटचंही मस्तक उडालं. ड्यूक मात्र त्याच वर्षी आपल्या अंथरुणात वारला, जे त्या पिढीतल्या सगळ्याच थॉमसांच्या नशिबी नव्हतं.

त्याचा नातू थॉमस, चौथा ड्यूक, स्कॉटलंडच्या मेरीशी लग्नाच्या आणि कटाच्या प्रकरणात १५७२ मध्ये मारला गेला. नातवाचा मुलगा थॉमस आर्माडाविरुद्ध लढला, खजिनदार झाला आणि भ्रष्टाचारात पदावरून गेला. नातवाचा नातू थॉमस, अरंडेलचा अर्ल, यानं ग्रीक-रोमन शिल्पं जमवली. त्यातली बरीच आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. एवढ्या सगळ्यांना वेगळं ओळखायचं तर नावाचा काही उपयोग नाही. इंग्रज इतिहासकार ड्यूकचा क्रमांक किंवा जहागिरीचं नाव लावतात. आपण थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणतो तसंच.

क्रॉमवेल आणि क्रॅन्मर यांनी उभं केलेलं राजाचं चर्च मेरीनंतर राणी झालेल्या एलिझाबेथच्या काळात कायम झालं. जुन्या धर्माला चिकटून राहणाऱ्यांना मग देशात जागा उरली नाही. विल्टशरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेला एक तरुण थॉमस आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचं ठरवलं. पाउंड निघण्याआधीच पकडला गेला आणि आयुष्यातली सुमारे ३० वर्षं तुरुंगांत राहिला. दुसरा निसटला. रोममध्ये दीक्षा घेऊन तो एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात चढला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. गोव्याहून त्यानं वडिलांना पाठवलेलं प्रवासवर्णनाचं पत्र पुढे प्रवासवर्णनांचा संग्राहक हॅक्लूट यानं छापलं. मथळ्यात पत्र लिहिणाराही थॉमस स्टीफन्स आणि ज्याला लिहिलं तोही थॉमस स्टीफन्स.

सासष्टीत त्यानं चाळीस वर्षं काढली, कोकणीचं व्याकरण लिहिलं, आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण मराठीचे खिळे तिथे नव्हते. ज्या इंग्लंडमध्ये त्याच्या विश्वासाला जागा नव्हती तिथे तो परत गेलाच नाही. १६१९ मध्ये गोव्यातच वारला. त्याच्या ग्रंथाच्या सतराव्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत मराठी वाचकांपुढे ठेवला.